दामूच्या उत्तरांचे कागद

सोनगीरच्या फाट्यावरून पुण्याला निघालो, तेव्हा ट्रंक दामूच्या डोक्यावर होती आणि माझ्या हातात नुसती छत्री. आबा म्हणाले, "डोकं तुनं शे, हात दामूना शेतस." म्हणजे डोकं तुझं, हात दामूचे. दामू माझा धाकटा भाऊ. मला शिकवायचं म्हणून त्याला दुसरीतूनच काढून शेतावर लावलेलं. आबांचं बोलणं ऐकून तो हसला. मलाही त्यात काही खोटं वाटलं नाही. घराण्यातला पहिला बी. ए. मी झालो, तो काही फुकट नाही.

पुण्यात मानसशास्त्राचं एम. ए. करू लागलो. प्रयोगशाळेत बरणीत मेंदू ठेवलेला. आमचे सर म्हणत, नवी कल्पना यातल्या कुठल्या वळीत जन्मते ते कोणालाच ठाऊक नाही. अडाणी म्हणवणाऱ्यांतही ती किती दडून असते, ते शोधा. त्यासाठी एक चाचणी होती. साध्या वस्तूचे दहा मिनिटांत सुचतील तितके उपयोग सांगायचे. पुस्तकात वीट होती. मी पऱ्हाटी घेतली, कपाशी वेचून झाल्यावर शेतात उरते ती वाळकी काटकी. मला सतरा उपयोग सुचले. वर्गात कोणाचेच तितके नव्हते.

दिवाळीत दामूला ओट्यावर बसवलं. खरं सांगतो, आबांदेखत त्याला हरवायचंच होतं. जळण, कूड, टोपली, इथवर तो माझ्यासारखाच चालला. मग म्हणाला, रोवून ठेवली तर सावलीवरून पाण्याची पाळी कळेल. खुपसून काढली तर ओल किती खोल गेली ते दिसेल. आंधळ्या काकूसाठी विहिरीपर्यंत रांग रोवली, तर हात लावत ती एकटी जाईल. हे त्याला तिथेच बसल्या बसल्या सुचत होतं. सतरावं उत्तर आलं आणि मी घड्याळ खिशात टाकलं. चार मिनिटं शिल्लक होती.

"भाऊ, सरना का खेळ? मना तं आखो बाकी शेतस."

खेळ संपला का, माझी तर अजून बाकी आहेत, असं तो विचारत होता. वेळ संपली, म्हणालो.

असा माणूस सापडला तर पुण्याला घेऊन या, त्याच्या शिकण्याचीही सोय करू, असं सरांनी सांगितलं होतं. मी दामूची उत्तरं उतरवलेले कागद पुस्तकांखाली दडपले आणि गावात विशेष कोणी नाही, असं कळवलं. पुढे मला शाबासकी मिळाली, नोकरीही लागली. मला जे घोकून घोकून आलं, ते त्याला ढेकळं फोडताना सुचतं, हे अजून सलतं.

सुट्टीत गेलो की आबा चारचौघांत माझ्या डोक्याचं कौतुक करतात आणि दामू माझ्यासाठी चहा आणतो. मी काय केलं ते घरीही आणि पुण्यातही अजून कोणालाच ठाऊक नाही. म्हणून हे सगळं लिहून गावी पाठवतोय. दामूला हे वाचता येणार नाही. शाळेचे गुरुजी चावडीवर सगळ्यांना वाचून दाखवतील. गुरुजी, मोठ्यानं वाचा. मधलं काही गाळू नका.