जवसाची डबी

मी अमरावतीला, राजापेठेत, दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवतो. ‘पुरावा काय?’ हा माझा वर्गातला लाडका प्रश्न. दुकानदाराला मात्र तो मी विचारला नाही. क्लासखालच्या दुकानातून ‘रक्तदाबावर रामबाण’ अशा बीजचूर्णाची हिरवी डबी उचलली आणि अकोल्याजवळच्या आमच्या गावी जाऊन बाबांच्या हातात ठेवली. वर ज्ञानही पाजळलं, “त्या रक्तदाबाच्या गोळ्यांची सवय लागते, बाबा. बंद करा. हे नैसर्गिक आहे.”

बाबा भाजी पिकवतात. त्यांनी झाकण उघडून वास घेतला. “अबे, हे तं जवस होय! याची ढेप मी बैलाले चारली.”

“यावर प्रक्रिया केलेली असते,” मी म्हणालो. कसली, ते मलाही ठाऊक नव्हतं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. पण डबीत भरून वर हिरवं पान छापलं की माझ्यासारख्या शिकलेल्यांना बरोबर विकतं.

दोन महिन्यांनी गेलो तर बाबा खूश. डबी रिकामी. नुसतं चूर्ण घशाखाली उतरेना म्हणून आईने त्यात तिखट, लसूण आणि सढळ हाताने मीठ घालून चटणी केली होती. बाबा ती दोन्ही वेळा भाकरीवर तेल ओतून खात होते. रक्तदाबाचं औषध, आणि त्यात मीठ! मी पोट धरून हसलो. मग सहज गोळ्यांचं पाकीट पाहिलं. एकही गोळी काढलेली नव्हती. तेव्हा कुठे माझं हसू आटलं.

त्यांना तसंच दवाखान्यात नेलं. नर्सने रक्तदाबाचा पट्टा दोनदा बांधला आणि डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बाबांना लगेच भरती केलं आणि चटणीची कथा ऐकून म्हणाले, “जवस वाईट नाही, काका. थोडाफार फायदा होतही असेल. पण ते गोळीच्या जागी चालत नाही, आणि मीठ तर नकोच. गोळी बंद करायला सांगितलं कोणी?”

मी भिंतीवरचा तक्ता वाचू लागलो. शंभर मुलांपुढे खणखणीत चालणारा माझा आवाज फुटेना. लाज वाटत होती, तरी फुटेना.

“कोनीच नाई, साहेब,” बाबा म्हणाले. “हा पोरगा तं बजावूनच राहिला होता, गोळी सोडू नोका म्हून. म्याच आयकलं नाई.”

डॉक्टरांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी मान डोलावली.