मिस्त्रींच्या खेळातल्या खुर्च्या

करवतीच्या मशीनमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा मिस्त्री बावन्न वर्षांचे होते. जखम भरली, पण रंधा हातातून निसटायचा, पटाशी सरळ चालेना. कारखान्याच्या मालकाने त्यांना तयार माल तपासायला बसवलं. पंधरा दिवसांत मिस्त्रींनी तेही सोडलं. "दुसऱ्याने वाकडं ठोकायचं आणि मी नुसतं बघत बसायचं? माझ्याने नाही होणार," एवढंच घरी सांगितलं. बायको इस्पितळाच्या धुलाईघरात जादा पाळी करून राबत होती, मुलगी कॉलेजात. मिस्त्री दिवसचे दिवस खिडकीशी बसून असत.

एका रविवारी मुलगी कॉम्प्युटरवर खेळत होती. खेळ घरं बांधायचा. कुठकुठली माणसं त्यात आपापलं घर उभारतात, सजवतात, एकमेकांकडे जातात-येतात. मागून जाताना मिस्त्री थबकले.

"हे दार कोणी बसवलं?"

"मी. का?"

"उघडलं की कपाटावर आपटेल. बिजागरी त्या बाजूला घे."

"बाबा, हा खेळ आहे."

"असू दे. दार ते दारच."

मुलगी उठली आणि तिने त्यांनाच खुर्चीत बसवलं. डाव्या हाताने माउस धरायचा, सुरुवातीला चौकोन काढला तर बटाटा व्हायचा. पण हे लाकूड फाटत नव्हतं, चुकलं तर एक कळ दाबली की पुन्हा होतं तसं. मिस्त्री त्यात रमले. महिन्याभरात एक स्टूल झालं, मग एक खुर्ची.

मुलीने खुर्ची खेळातल्याच बाजारात मांडली. खेळणारे तिथे एकमेकांना वस्तू विकतात. खेळ चालवणारी कंपनी आपला वाटा कापते आणि उरलेले पैसे बँकेत येतात.

"लाकूड नाही, खिळा नाही, आणि पैसे तेवढे खरे?" बायको म्हणाली.

"हो आई, खरे."

"आणि गिऱ्हाईकाने बसायचं कशावर?"

गिऱ्हाईकच नव्हतं. दोन महिने कुणी ढुंकून पाहिलं नाही. खप होता तो ज्वाळा निघणाऱ्या सिंहासनांचा. "थोडे दिवे तरी लावा," मुलगी म्हणाली.

"खुर्ची आहे की गाडी, पुढे दिवे लावायला?"

मग एका आजींनी ती खुर्ची घेतली आणि चार ओळी लिहिल्या. मुलीने त्या वाचून समजावल्या. आजी एका देशात, त्यांची धाकटी बहीण दुसऱ्या देशात. दोघींना आता प्रवास झेपत नाही, म्हणून रोज या खेळात भेटतात. 'इतर खुर्च्यांवर आम्ही पाहुण्यांसारख्या ताठ बसतो. तुमच्या खुर्चीत पहिल्यांदा पाठ टेकली. दोघींना पुरेल असा बाक कराल का?'

मिस्त्रींनी ते मुलीकडून तीनदा वाचून घेतलं. बाकाला चार दिवस लागले. बहिणींनी तो मैत्रिणींना दाखवला, मैत्रिणींनी आणखी कुणाला, आणि मागण्या येऊ लागल्या.

"आता हे तुमच्या डाव्या हाताचा मळ!" बायको म्हणाली. मिस्त्री कितीतरी दिवसांनी मोकळं हसले.

आणि एका सकाळी तोच बाक दुसऱ्याच कुणाच्या नावावर निम्म्या किमतीत दिसला.

"सरळसरळ चोरी! तक्रार करू," मुलगी संतापली. त्या दिवशी मिस्त्री धड जेवलेही नाहीत. चित्र मोठं करून, फिरवून फिरवून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "लिही त्याला. हा बाक माझा आहे, तो काढून टाका. नक्कल चांगली आहे, पण पाठ सरळ झालीय, दोन बोटं मागे कलवायला हवी होती. शिकायचं असेल तर विचारा, सांगेन."

"बाबा, चोराला शिकवणी लावताय? आणि दोन बोटंच कशावरून?"

"दोन बोटं म्हणजे किती, हे माझ्याहून जास्त कोणाला कळणार?"

मुलीला हसावं की रडावं कळेना. पण तिने लिहिलं.

तिसऱ्या दिवशी बाक बाजारातून गेला आणि माफीचं पत्र आलं. पलीकडचा माणूस दातांचा डॉक्टर निघाला. पेशंट नसले की खेळायचा. खरंच शिकवाल का, असं त्याने भीत भीत विचारलं होतं.

"दात सरळ करायची सवय," बायको म्हणाली, "पाठही सरळच केली मेल्याने!"

शिकवणी सुरू झाली. मिस्त्री बोलत, मुलगी इंग्रजीत सांगे. डॉक्टरने ओळखीचे आणले, त्यांनी आणखी आणले. आता शनिवारच्या वर्गाला एकोणीस जण असतात, आणि कुणी खुर्चीला दिवे लावलेच तर मिस्त्री सगळ्यांदेखत कान उपटतात. खुर्च्यांचे पैसे येऊ लागले तशी बायकोने धुलाईघरातली जादा पाळी सोडली.

परवा दोघं फर्निचरच्या मोठ्या दुकानात गेले होते. मिस्त्री एकेका खुर्चीत बसून बघत होते. विक्रेता मागे मागे फिरून कंटाळला.

"साहेब, नक्की काय घ्यायचंय?"

"घ्यायचं काही नाही. बसून बघतोय."

पलीकडच्या आरामखुर्चीत बायको केव्हाच टेकली होती. डोळे मिटूनच ती म्हणाली, "अहो, या खुर्चीचं माप घ्या."

मिस्त्रींनी खिशातून टेप काढला.