दादाराव ड्रायव्हरची क्रूझर

एक सायकल जोडायला लागतं काय? फ्रेम, दोन चाकं, हँडल, सीट, चेन. आम्हाला पावसाळ्यापासून सोयाबीन बाजारात येईपर्यंत वेळ लागला! सायकल एकच झाली, किस्से मात्र इतके झाले की गजूच्या दुकानात चहाला बसलं की रोज एक निघतो. आणि जो सांगतो, तो त्यात नेहमी शहाणा असतो. आज मी सांगतोय, तेव्हा समजून घ्या.

मी एसटीत कंडक्टर होतो आणि दादाराव ड्रायव्हर. रिसोडहून वाशीम, कारंजा, मानोरा करत आम्ही दोघांनी उमेदीची वर्षं एकाच गाडीत काढली. रिटायर व्हायच्या थोडं आधी त्याला लकव्याचा झटका आला. पाय सावरले, तोंड सावरलं, डाव्या हाताची पकड तेवढी गेली. हँडल धरता यायचं, पण ब्रेक दाबायचा म्हटलं की बोटं ऐकायची नाहीत. तेव्हापासून तो दारात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसायचा. दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत बसायचं नाही, हा त्याचा हट्ट. म्हणून कुठं जाणं नाही, येणं नाही, हळूहळू बोलणंही नाही.

एक दिवस शांतावहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, मानूस घरात आहे, पन घरात नाही. कसंबी करून त्याईले रस्त्यावर काढा."

मला फार वाईट वाटलं. गाडी घाटात बंद पडली तरी गाणं म्हणणारा माणूस होता तो.

त्याचा मुलगा नीलेश पुण्याला असतो. त्यानं शोधून काढलं की क्रूझर नावाची एक सायकल असते. सीट बुटकं, पाय जमिनीला टेकतात, आणि पायडल मागं दाबलं की ब्रेक लागतो. डॉक्टर म्हणाले, सपाट रस्त्यावर हळूहळू चालवू दे. मी जाऊन दादारावला हे सगळं सांगितलं.

"पायानं ब्रेक?" तो म्हणाला.

"पायानं."

त्यानं खुर्चीत बसल्या बसल्या उजवा पाय जमिनीवर दाबून पाहिला.

"मंग ते सायकल नाही. ते गाडी आहे!"

कित्येक महिन्यांत त्याच्या तोंडून एवढं बोलणं आलं नव्हतं.

*

आधी नुसती फ्रेम आली. परदेशात जुन्या काळी समुद्रकाठी फिरवायच्या सायकली निघत, त्याच धर्तीवर कुठल्याशा कंपनीनं नव्यानं काढलेली. बाकीचं सामान नीलेश एकेक करून पाठवणार होता आणि जोडायचं गजूनं. गजू म्हणजे आमच्या रोडवरचा सायकलवाला. हात सोन्याचा, पण माणूस घाईचा.

क्रूझरच्या नळ्या मुळातच कमानीसारख्या वळलेल्या असतात. गजूला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी दादारावला हाताला धरून दुकानात नेलं, तर फ्रेम शिकंज्यात अडकवलेली, तिच्यात लांबलचक पाइप खुपसलेला आणि त्या पाइपाला गजू लोंबकळतोय!

"कंडक्टर, फ्रेम वाकून आली! रस्त्यात कोनतरी बसलं ह्याच्यावर," तो वरूनच म्हणाला.

"सोड पह्यले!" दादाराव ओरडला.

"अर्ध्या घंट्यात सरळ करून देतो ना."

त्याला खाली उतरवलं. एक नळी वळली आहे, तशीच आणि तितकीच दुसरीही वळली आहे, हे बोट लावून दाखवलं. गजूनं दोन्ही नळ्या नीट पाहिल्या.

"मंग बसनारे दोघं असतीन."

*

त्या फ्रेमला वरच्या दोन नळ्यांच्या मध्ये मोटरसायकलसारखी टाकी होती. पत्र्याची, पोकळ, नुसती शोभेची. ती दुकानासमोर ठेवली की माल विकून परतणारे शेतकरी थांबायचेच. कोणी बॅटरी शोधायचं, कोणी किक. एक पागोटंवाले बाबा टाकीचं झाकण शोधत सायकलीला दोन चकरा मारून आले.

"अ‍ॅव्हरेज काय देते?" त्यांनी दादारावला विचारलं.

"भाकरीवर आहे," दादाराव म्हणाला. "सकाळी दोन टाकल्या की वाशीम."

बाबांनी मान हलवली.

"आन् रिटर्न?"

*

हँडलवरून मोठा तमाशा झाला. नीलेशनं पाठवलेलं हँडल चांगलं गाईच्या शिंगासारखं रुंद होतं. दादारावनं ते हातात धरलं आणि परत दिलं.

"लहान आहे."

गजू म्हणाला, "याच्याहून मोठं सायकलीले नसते."

"यष्टीचं स्टेअरिंग पाह्यलं का कधी?"

वाद नको म्हणून गजूनं वेल्डिंगवाल्याकडून दोन्ही बाजूंना नळी जोडून आणली. त्या हँडलवर दादारावचा डावा हात खरंच छान विसावला. आम्हाला आनंद झाला. संध्याकाळी दुकान बंद करताना कळलं की सायकल आता दुकानाच्या दारातून आत जात नाही. गजूनं हँडल फिरवून पाहिलं, सायकल आडवी करून पाहिली, स्वतः आडवा होऊन पाहिलं.

शेवटी तो म्हणाला, "दादाराव, तुमी डेपो काहून नाही बांधत?"

*

रंग लाल. त्यात चर्चेला जागाच नव्हती. रंगवायला सुभाष पेंटर. हा गडी आयुष्यभर गाड्यांच्या पाट्या रंगवत आलेला, त्यामुळे मोकळा पत्रा दिसला की त्याचा हात शिवशिवतो. टाकीवर त्यानं 'धूम्रपान करू नये' लिहिलं. मागच्या मडगार्डवर 'सुरक्षित अंतर ठेवा'. तेवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं. पण नीलेशनं मागं बसायला गादीचं कॅरिअर पाठवलं होतं, आणि त्याच्या पाठीला एक लहानशी पट्टी होती.

सायकल वहिनींना दाखवायला नेली. त्यांनी एक फेरी मारून सगळं वाचलं. कॅरिअरपाशी थांबल्या. तिथं लिहिलं होतं, 'महिलांसाठी राखीव'.

सुभाष पेंटर गजूच्या मागं सरकला.

"सारी जिंदगी यष्टी चालवली, मले कधी पुढच्या सीटवर बसू देलं नाही," वहिनी म्हणाल्या. "आता रिझर्वेशन देऊन राह्यले!"

पण पदरानं त्यांनी ती पट्टी पुसली, हे मी पाहिलं.

*

आता जे झालं ते गजूसमोर मी अजूनही सांगत नाही.

तोवर मागं गजूनं एक जुनं चाक लावून भागवलं होतं. खरं मागचं चाक सगळ्यात शेवटी आलं, त्याच्या मधल्या डब्यातच, म्हणजे हबमध्ये, तो पायाचा ब्रेक होता. आमच्याकडे कुठल्याही सायकलवाल्याला विचारा, पायडल मागं फिरवलं तर ते मोकळं फिरायला पाहिजे. अडलं म्हणजे काहीतरी बिघडलं. गजूनं पायडल मागं फिरवलं, ते अडलं. नव्या मालात बिघाड! गजूच्या जिवाला ते लागलं. त्यानं चाक खोललं, आतल्या अडवणाऱ्या पट्ट्या काढल्या, भरपूर ग्रीस भरलं आणि परत बसवलं. पायडल लोण्यासारखं फिरायला लागलं. आणि हे त्यानं कोणालाच सांगितलं नाही, कारण त्याच्या मते सांगण्यासारखं काही नव्हतं.

ट्रायल मी घेतली. देवाची दया म्हणा, दादाराव नुसता बघायला उभा होता. बाजार समितीच्या उतारावर मी ऐटीत पायडल मागं दाबलं. ते फिरलं. पुन्हा दाबलं. पुन्हा फिरलं! समोर रस्त्याच्या कडेला कोणाचं तरी सोयाबीन वाळत पडलेलं. मी सायकलसकट त्यात शिरलो आणि ढिगाच्या मधोमध थांबलो. खिशातून दाणे दुसऱ्या दिवशीही निघत होते.

गजू धावत आला. "पायडल अडलं का?"

"नाही ना!"

"मंग? तोच फॉल्ट त म्या काढला!"

दादाराव मागं वळला, चालत घरी गेला आणि खुर्चीत बसला. दुसऱ्या दिवशी दुकानात आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. वहिनींचा फोन आला, "भाऊजी, पुन्हा तसंच झालं." मी गजूवर इतका चिडलो की त्याच्या दुकानाचा चहा सोडला.

गजूनं मात्र जेवण सोडलं होतं. काढलेल्या पट्ट्या त्यानं बेअरिंगच्या डब्यातून शोधल्या, पेट्रोलनं धुतल्या, नीलेशला व्हिडिओ कॉलवर समोर धरून सगळं पुन्हा बसवलं. मग सायकल घेऊन दादारावच्या दारासमोर आला. एकदम जोरात आला आणि करकचून ब्रेक मारला. डांबरावर काळी रेघ उमटली.

दादाराव खुर्चीतून बघत होता. उठला. त्या रेघेपाशी गेला, चपलेनं ती घासून पाहिली.

"उशिरा दाबला," तो म्हणाला.

गजू रस्त्यावरच मटकन बसला आणि रडायला लागला.

*

पुढच्या रविवारी सकाळी सायकल बाहेर काढली. दादारावनं इस्त्रीचा खाकी शर्ट घातला होता, कोणी सांगितलं नव्हतं. चाकं पाहिली, टायर लाथेनं तपासले, सीटवर बसला, दोन्ही हात हँडलवर ठेवले. पाय जमिनीवर.

आणि तो जाईनाच.

गल्लीतली माणसं जमली. वहिनी दारात हात जोडून उभ्या. गजू म्हणाला, "ब्रेक पक्का आहे दादाराव, आईची आन." दादाराव समोर रस्त्याकडे बघत राहिला. "सरळ चालवा, आमी आहो ना मागं," कोणी म्हणालं. तो हलला नाही. त्याच्या मानेवर घाम आलेला मला दिसत होता, आणि मला वाटलं, आता हा उतरेल, आणि उतरला की मग पुन्हा कधीच बसणार नाही.

तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी पुढं गेलो आणि हँडलवरची घंटी दोनदा वाजवली.

टिंग टिंग.

सायकल सुटली! लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही मागं धावलो. थोड्या वेळानं आमचं धावणं संपलं, त्याचं जाणं संपलं नाही. कोपऱ्यावर वळताना त्यानं हातही दाखवला, आणि दिसेनासा झाला.

मग मात्र तंतरली. चौकात जीपवाले, पलीकडं बाजाराचे ट्रॅक्टर, आणि ह्याचा एक हात अधू! गजूनं मोटरसायकल काढली, मी मागं बसलो. चौकात नाही. बाजार समितीकडं नाही. पानटपरीवाल्याला विचारलं, "लाल सायकल पाह्यली का?" तो म्हणाला, "सायकल होती ते? मी त साइड देली!"

त्यानं बोट दाखवलं त्या दिशेनं आम्ही बसस्टँडकडे वळलो. गेटपाशी पोचतो न पोचतो, तोच कर्णा खरखरला. कंट्रोलरचा रोजचाच आवाज, जराही न हसणारा.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. दादाराव ड्रायव्हर यांची गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे. गाडीचे कंडक्टर मागे राहिलेले आहेत. कंडक्टर जिथे कुठे असतील, त्यांनी ताबडतोब फलाटावर यावे. गाडी त्यांच्यासाठी थांबलेली आहे."