झमकूबाईंचा चांदवा

माझ्या सासूबाईंना, म्हणजे झमकूबाईंना, जुन्या कादंबऱ्यांचं वेड आहे आणि त्या वेडाचा ताप आम्हा सगळ्यांना. दुपारी मंचरच्या आमच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक थंडावलं, की त्या गादीवर मांडी ठोकून बसतात आणि वाचनालयातली जाडजूड कादंबरी मोठ्यानं वाचतात. ऐकायला अवसरी बुद्रुकच्या प्रयागबाई. त्या येतात ब्लाउजपीसच्या निमित्तानं. घेत मात्र काही नाहीत.

सासूबाईंचा जीव अडकतो चांदव्यात. आम्ही जैन, आमच्याकडे चुलीवरसुद्धा कापडी चांदवा बांधायची रीत, वरून किडामुंगी पडून मरू नये म्हणून. आमच्या गॅसवरही तो अजून आहे. त्यामुळे पुस्तकात कुणाच्या डोक्यावर छत आलं, की घरचाच विषय निघाल्यासारख्या त्या सरसावतात. राजावर मोत्यांच्या झालरीचा मखमली चांदवा आला, की आधी लेखकावर खेकसतात, "एवढी मखमल पेलली कुणी? बांबू कुठंयत?" मग पुस्तक मिटून जाहीर करतात, "मेला हा." आणि पुढं राजा खरंच मरतो! नायिका वेलींच्या मांडवाखाली बसली, की "हिचं लग्न." तेही होतं. जुने लेखक उगाच कुणावर छत धरत नाहीत, एक तर लग्न नाहीतर मरण, असा सासूबाईंचा सिद्धान्त. मी हसून सोडून द्यायची. प्रयागबाईंनी तो मनावर घेतला.

गेल्या मार्गशीर्षात प्रयागबाईंच्या यजमानांची, भिमाजीआबांची पंचाहत्तरी आली. नातू ऋषीनं हौसेनं अंगणात स्टेज घातलं, डीजे सांगितला आणि आमच्याच दुकानातली लाल मखमल नेऊन आबांच्या खुर्चीवर झालरीचा चांदवा ताणला. आम्ही पोचलो तर पाहुणे जमलेले, आबा फेटा बांधून तयार आणि प्रयागबाई त्यांचा हात घट्ट धरून उभ्या.

"म्या न्हाई बसू देनार ह्यास्नी तिथं!"

"अगं आज्जे, झालं काय?" ऋषी रडकुंडीला आलेला.

"झमकूबाईस्नी इचार. लगीन तर कवाच झालंय. मंग ऱ्हायलं काय?"

लोक हसले, पण बाईंचे डोळे खरोखर भरले होते. नवरा जाईल या भीतीनं त्या आबांचा हात सोडायला तयार नव्हत्या. सगळे सासूबाईंकडं बघू लागले. मला वाटलं, आता तरी या कबूल करतील की पुस्तकातलं पुस्तकात. छे! त्या तरातरा स्टेजवर चढल्या, मखमल चाचपून बघितली आणि म्हणाल्या, "बाई बरोबर बोलतेय. चांदवा बांधलाय म्हणजे काहीतरी होणारच. मग लग्नच लावू या की! परत!"

मग जी धांदल उडाली! नातीच्या, समृद्धीच्या ओढणीचा अंतरपाट झाला. शेजारचे गेणभाऊ नवरीचा मामा म्हणून न बोलावताच पुढं आले. डीजेवाल्याला मंगलाष्टकं सापडेनात, तो नुसतीच हळदीची गाणी लावतोय आणि बायका स्वयंपाक सोडून नाचतायत. मीही नाचले, सासूबाईंसमोर!

"चला राव, लावा लवकर," आबा लाजून म्हणाले.

प्रयागबाई जागच्या हलल्या नाहीत. "आदी मला इचारा."

"काय इचारू?"

"करायचं का म्हून. तवा कुनी इचारलंच न्हवतं. बा म्हनला हुबी ऱ्हा, मी ऱ्हायले."

डीजे बंद झाला. आबांनी फेटा सारखा केला आणि साऱ्या पाहुण्यांदेखत अडखळत म्हणाले, "परयागा, माज्यासंगं लगीन करशील का?"

प्रयागबाईंनी त्यांना पायापासून फेट्यापर्यंत न्याहाळलं. चांगला वेळ न्याहाळलं. आबांच्या कपाळावर घाम आला.

"करते की," त्या म्हणाल्या. "तवाबी हो म्हनले असते. नुसतं इचारायचं व्हतं."