पाहणीच्या दिवशीच कपाट रिकामं

मंडळी, आज दुपारी माझी चांगलीच फजिती झाली.

धायरीतल्या आमच्या सोसायटीत आम्ही भांड्यांची बँक चालवतो. घरच्या कार्यक्रमाला स्टीलची ताटं, वाट्या, पेले फुकट न्यायचे आणि घासून परत आणायचे. युज अँड थ्रो ताटल्यांचा ढीग तेवढाच कमी. भांड्यांचा दुसरा संच घ्यायचाय, म्हणून एका संस्थेकडे छोट्या अनुदानासाठी अर्ज केला होता. आज त्यांच्या मॅडम पाहणीला आल्या.

कपाटाचं कुलूप उघडंच होतं; मी रुबाबात दार ओढलं. आत चमचासुद्धा नाही!

किल्ली शोभाकाकूंकडे असते. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "अहो, बी विंगमध्ये बारसं आहे. सगळं तिकडे गेलंय."

"काकू, आजच द्यायचं होतं?"

"मग काय, तुमची पाहणी आहे म्हणून त्यांना युज अँड थ्रो आणायला सांगू?"

मॅडम म्हणाल्या, "चला, तिकडेच बघू."

बारशाच्या घरी त्या कोण, कशाला आल्यात, कुणी विचारलंच नाही. थेट हातात ताट दिलं. माझं प्रेझेंटेशन लॅपटॉपमध्येच राहिलं. जेवण झाल्यावर मॅडमनी इतरांचं बघून आपलं ताट विसळून ठेवलं. निघताना एवढंच म्हणाल्या, "दुसरा संच लागणारच आहे तुम्हाला."

निर्णय अजून कळायचाय. पण किल्ली माझ्याकडे असती, तर आज मी भांडी कपाटातच ठेवली असती.

तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा हं.