जीप तुलाच

सरकारच्या कितीतरी आधी आमच्या मालकांनी योजना काढली होती. तिचा लाभार्थी एकच, माझे वडील. नवी जीप दारात आली त्या दिवशी मालक सगळ्यांदेखत आबांना म्हणाले, "नीट सांभाळ. जुनी झाली की ही तुलाच." मी तेव्हा लहान होतो, पण हे वाक्य मला पाठ आहे, कारण पुढं आमच्या घरात ते कुणी ना कुणी रोज म्हणायचं.

मालक म्हणजे आमच्या गावातले बागायतदार. उमरग्याच्या अलीकडं हायवे सोडून आत वळलं की आधी त्यांचा ऊस लागतो, मग गाव, आणि गावाच्या पलीकडं आमची वस्ती. आबा त्यांचे ड्रायव्हर. पगारवाढीचा विषय निघाला की मालक जीपकडं हात करायचे. "पगाराचं काय घिऊन बसलास? आख्खी गाडी देतोय की तुला." एसटीत ड्रायव्हरची भरती निघाली तेव्हा वस्तीतल्या दोघांनी अर्ज केले आणि ते लागलेही. आबांनी अर्जच केला नाही. स्वतःची गाडी व्हायची असताना सरकारची कशाला हाकायची, हा त्यांचा हिशेब. जीप मिळाली की उमरगा ते गाव वडाप करायचं, चार सीटं भरायची आणि सकाळी उठून कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, एवढंच त्यांना आयुष्याकडून हवं होतं.

त्यामुळं जीपचा पाइप फुटला, वायरिंग जळालं, की आबा बऱ्याचदा खिशातूनच भागवायचे. "आपलीच हाय की उद्या," म्हणायचे. ड्रायव्हर कमी पगारात राबतोय, वर पदरमोड करून गाडी दुरुस्त करतोय, आणि हे सगळं मालकांच्या एका वाक्यावर. इतक्या स्वस्तात इतकी वर्षं चाललेली दुसरी योजना मी पाहिली नाही. मधूनच आबा चाचपडत विषय काढायचे. मालक जीपच्या बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "अजून कुठं जुनी झाली रं? घोड्यावानी पळती." आबांना यात स्वतःचं कौतुकच ऐकू यायचं. घरी येऊन ते आईला सांगायचे, "मालक म्हनले, घोड्यावानी पळती."

मी बी.कॉम. झालो आणि हायवेवरच्या गाड्यांच्या एका शोरूममध्ये सेल्समन म्हणून लागलो. जुन्या गाड्या मोडीत काढणाऱ्यांना सरकार सवलत द्यायला लागलं तेव्हा आम्हाला शिकवायला एक सर आले. त्यांनी फळ्यावर मोठा गोल काढला. जुनी गाडी मोडली की लोखंड वितळतं, नवी गाडी विकली की कारखाना चालतो, कामगाराला पगार मिळतो, धूर कमी होतो, आणि बाण फिरून पुन्हा पहिल्या जागी येतो. अर्थव्यवस्थेला फायदाच फायदा. सर खोटं बोलत नव्हते. आमची जीप गावातून गेली की मागची माणसं तोंडाला पदर लावायची, हे मला माहीत होतं. त्या गोलात आबा कुठं बसतात, हे मात्र मी विचारलं नाही. नवीन नोकरी होती, आणि सरांना गाडी गाठायची होती.

मग एक दिवस मालकच शोरूममध्ये आले. जावयाकडून काहीतरी ऐकून आले होते.

"काय रं, जुनी गाडी भंगारात घातली की नव्या गाडीवर सूट मिळती म्हनं?"

मी सगळं सांगितलं. गाडी सरकारमान्य केंद्रात नेऊन मोडायची, तिथून सर्टिफिकेट घ्यायचं, ते दाखवलं की टॅक्सात सवलत, कंपनीची सूट वेगळी.

"मंग आपली जीप हायच की."

"जीप आबांना द्यायची होती ना?" मी विचारलं.

मालक जराही गडबडले नाहीत. समोरच्या चकचकीत गाडीच्या दारावर हात फिरवत म्हणाले, "देनारच हुतो की. पर तवा ती भंगार हुती. भंगार कुनालाबी देता येतंय. आता तिला किंमत आली."

अर्थशास्त्र इतकं स्वच्छ मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. सरकारनं जीपला किंमत दिली आणि त्याच क्षणी ती आबांच्या हातून गेली. मला त्या माणसाचं थोबाड फोडावंसं वाटलं. मी त्यांना खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि रंग कोणता हवा ते विचारलं.

आबांना मालकांनी सांगितलं की सरकारनं जुन्या गाड्याच बंद केल्या. संध्याकाळी आबा अंगणात बसून मला तेच सांगायला लागले. मी म्हणालो, "आबा, बंद न्हाय केल्या. आपल्याकडं कुणाला जबरदस्ती न्हाय. जीप पुन्हा पास करून घेता येती. त्यांनी सूट मिळावी म्हणून मोडायला काढली. तुम्ही जाऊन विचारा तरी."

आबांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच जीप मोडणार होतो. "तू गाड्या इक. मला कायदा शिकवू नगंस," ते म्हणाले. "मालकाचा काय दोष? वरून हुकूम आला तर त्ये काय करतील?" पायात चपला सरकवून ते निघाले. जीप धुवायची राहिली होती.

मोडीच्या केंद्रापर्यंत जीप चालवत न्यायचं काम अर्थातच आबांकडं आलं. दुसऱ्या ड्रायव्हरला पैसे द्यावे लागले असते. कागदपत्रांसाठी मी शेजारी बसलो होतो. आबांनी जीप धुऊन पुसून काढली होती, हेडलाइटसुद्धा. हायवेवर ते खड्डा बघून हळू करत होते. मला चीड आली. "आता कशाला जपताय?" म्हटलं. ते म्हणाले, "स्प्रिंगचा पाटा तुटंल."

केंद्रातल्या माणसानं चावी घेतली, नंबर तपासला आणि जीपखाली डबा सरकवून आधी गिअरचं ऑइल सोडलं. पिवळंधमक, ताजं ऑइल पडायला लागलं. तो हसून म्हणाला, "कोण येडं हाय हो? मोडायच्या गाडीत नवं ऑइल टाकतंय?" आबांनी ते मालकांच्या शोरूमवारीच्या आधी स्वतःच्या पैशानं बदललं होतं. मी ते सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ते येडं कोण हे त्याला कळलं असतं. थोड्या वेळानं आबा त्याला म्हणाले, "ड्रायव्हरच्या सीटची गादी म्या शिवून घेतलेली हाय, तेवढी काढून न्यावी म्हंतो." तो म्हणाला, "काका, आता जे हाय ते वजनात गेलं." यंत्रानं जीपचं टप दाबलं तेव्हा आबा गेटकडं तोंड करून उभे होते. परत आम्ही एसटीनं आलो. एसटीत आबांनी ड्रायव्हरमागची सीट धरली आणि येईपर्यंत त्याचे हात बघत राहिले.

फायदा झालाच नाही असं मी म्हणणार नाही. मालकांना सूट मिळाली, कंपनीची एक गाडी खपली, सरकारला सवलत देऊनही टॅक्स मिळालाच, गावातला धूर कमी झाला. त्या विक्रीवर मला जे इन्सेंटिव्ह मिळालं त्यातून आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. म्हणजे अर्थव्यवस्थेला फायदा झाला, आमच्यापुरता आईच्या एका डोळ्याइतका. दुसऱ्या डोळ्यासाठी अजून कुणाचं तरी काहीतरी मोडावं लागणार होतं.

नवी गाडी न्यायच्या दिवशी मालक फेटा बांधून आले. त्यांना स्वतःला गाडी येत नाही, म्हणून आबा सोबत होते, इस्त्रीच्या शर्टात. आमच्या शोरूमची पद्धत अशी की गाडीवर चमकदार कापड टाकायचं, घरच्यांनी ते ओढायचं, मग पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात देऊन फोटो काढायचा. मालकांनी कापड ओढलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. आबांनी नारळ फोडला आणि चारी चाकांखाली लिंबं ठेवली. फोटोच्या वेळी मालकांनी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, कारण नंबरप्लेट झाकली जात होती.

जीपमध्ये मालक आबांच्या शेजारी बसायचे. या गाडीत ते मागं बसले. आबांनी सीट पुढं घेतली, आरसा लावला, आणि एसी कुठून चालू होतो ते मला विचारलं. मी खिडकीपाशी वाकून दाखवत होतो. तेवढ्यात मागून मालकांचा आवाज आला.

"नीट सांभाळ बरं का. जुनी झाली की हीबी तुलाच."

आबा आरशात बघून म्हणाले, "व्हय, मालक."

मला वाटलं, ते मनात हसत असतील. मी त्यांच्या तोंडाकडं नीट बघितलं. हसत नव्हते. जीप दारात आली त्या दिवशी त्यांचे केस काळे होते, आता टोपीखाली एकही काळा उरला नव्हता, पण तोंडावरचा आनंद तोच होता. ते माझ्याकडं झुकले आणि मालकांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारू लागले, "का रं, ही जुनी हुईस्तवर सरकारची योजना ऱ्हाईल का बंद पडंल?"

इतक्या दिवसांचा राग माझ्या तोंडात आला. मी मुद्दाम मोठ्यानं, मागच्या सीटपर्यंत जाईल असं म्हणालो, "योजना ऱ्हाईल, आबा. तुमी ऱ्हाताल का?"

मागं मालक खदाखदा हसले. मालक हसले म्हणून आबाही हसले, काच वर केली आणि चारी लिंबं चिरडत गाडी हायवेला काढली.