कक्कांनी न चाखलेली चटणी

गावाहून निघाले तेव्हा आबा एसटीच्या खिडकीशी उभे होते. दहिवडीच्या स्टँडवर गाडी चालू होऊन थरथरत होती, ह्यांची काळी लोखंडी पेटी टपावर चढवलेली, आणि मी खिडकीच्या गजाला धरून गप्प. आबा म्हणाले, "तिकडं अशी गप बसू नको गं. हितं तुझ्या तोंडाकडं बघून समद्यांना कळतंय. तिथं सांगावं लागंल." मी मान हलवली आणि गाडी सुटली. कुसुम, तू तेव्हा आबांच्या धोतराला धरून उभी होतीस. एवढी लहान बहीण, तुला कुठलं आठवायला!

आज हे लिहायचं कारण असं की मागच्या महिन्यात इथे झाशीत बायकांच्या मेळाव्यात मला स्टेजवर बोलावलं. घरातून धंदा उभा केलात, चार शब्द सांगा, नव्या मुलींना उपयोग होईल, म्हणाले. माईक हातात आला. मी "नमस्ते जी" म्हटलं आणि खाली उतरले. मनीषा, तू पुण्याहून फोनवर पोट धरून हसलीस. म्हणालीस, "मम्मी, बोलता नाही आलं तर लिख डालो ना." चौथीनंतर मी वाण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नाही. तरी लिहिते, तुम्हा दोघींसाठी. एक गावात राहिलेली बहीण, एक माझ्यासारखीच घर सोडून गेलेली लेक.

झाशीजवळ बबीन्याच्या फौजी क्वार्टरमध्ये मला परमुलूख असा जाणवलाच नाही. शेजारी सांगलीची, समोर नगरची, मागच्या ओळीत कोल्हापूरची. नवरे फायरिंगला गेले की आम्ही ओसरीत बसून शेंगा फोडायचो. मी लसूण आणि लाल मिरची घालून शेंगदाण्याची चटणी उखळात कुटायची. आई कुटायची तशीच, तेल सुटेपर्यंत. कुणाची बदली झाली की डबाभर चटणी तिच्या सामानात जायची. मला हिंदी बोलायची वेळच आली नाही, आणि मला ते बरंच होतं.

मग हे रिटायर झाले. क्वार्टर सोडावं लागलं. गावाला दिरांच्या घरात एक खोली आमच्या वाट्याची होती. पण मनीषा दहावीत, तिची शाळा इथली, आणि तिला तेव्हा मराठी वाचतासुद्धा धड येत नव्हतं. ह्यांनी झाशीत एका गोदामावर वॉचमनची नोकरी धरली, आणि सीपरी बाजारात एका किराणा दुकानाच्या वर दोन खोल्या घेतल्या. मला म्हणाले, "एक वर्ष बघू. माझ्या एकट्याच्या पगारात इथलं भागायचं नाही. तुझी चटणी चालली तर राहू, नाहीतर पेट्या बांधू." दिरांच्या घरात जावेच्या हाताखाली राहायचं, आणि पोरीची शाळा तोडायची, हे माझ्यासमोर होतं. ते मला नको होतं. पण नको म्हणायलासुद्धा तोंड लागतं.

खालचं दुकान कक्कांचं. इकडे काकाला कक्का म्हणतात. पांढऱ्या मिशा, आवाज चौकापर्यंत जाणारा. आम्ही सामान उतरवत होतो तेव्हाच त्यांनी विचारलं, "मराठी हो? रानी के देस की? किला लेबे आईं का?" किल्ला घ्यायला आलात का, म्हणे. सगळी गल्ली हसली. मी पदर तोंडाशी धरला. मग म्हणाले, "डरो मत. आज सें तुम हमाई बिन्नू." मुलीला, बहिणीला इकडे बिन्नू म्हणतात. मला वाटलं, भाजीवाल्याला भैया म्हणतात तसंच हे. बोलण्याची रीत.

संध्याकाळी आपल्याकडच्या सवयीनं मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर ते विंचू दिसावा तसे मागे सरकले. "अरे अरे, जे का करत! हटो, हटो!" मी चहा करून खाली पाठवला, तो तसाच वर परत आला. सणाला कक्कांच्या बायकोनं, काकींनी, वाटीत लाडू पाठवले. आपण काही कुणाचं भांडं रिकामं परत करत नाही, मी त्या वाटीतून पुरणपोळी आणि थोडी चटणी दिली. जिन्यातून पाहिलं, तर कक्कांनी ती वाटी घेऊन बाहेर मंगौडे तळणाऱ्या पप्पूच्या हातावर रिकामी केली. मंगौडे म्हणजे मुगाची भजी. पप्पू बोटं चाटत खात होता आणि कक्का लांब उभे होते.

मग मी चटणीची पाकिटं घेऊन गेले. कक्कांचा नेम सगळ्या बाजाराला माहीत होता, स्वतः चाखल्याशिवाय ते काहीही विकायला ठेवत नसत. पापड असो, लोणचं असो, गिऱ्हाइकासमोर तोंडात टाकून सांगायचे, हे घ्या, हे घेऊ नका. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी हात मागे घेतले. "धर लेव बिन्नू. हम नईं खा सकत."

मी कसंबसं विचारलं, "लहसुन नहीं चलता?"

"लहसुन तो खूब चलत."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, आणि मी पाकिटं पदराखाली घेऊन जिना चढले. मला जे कळायचं ते कळलं होतं. आमच्या हातचं कक्कांना चालत नाही. पाया पडून घेणं नको, चहा नको, घास नको. तोंडानं बिन्नू म्हणायचं, आणि वाटी रस्त्यावर रिकामी करायची. त्यानंतर मी मनीषालाच खाली पाठवायची. कक्का हाक मारत, "बिन्नू नईं दिखात!" मी खिडकी लावून घ्यायची. दुसऱ्या दुकानांत जायचं धाडस नव्हतं. ज्याच्या वर राहते त्यानं ठेवली नाही, तर दुसरा काय विचारेल? पावसाळा संपला तेव्हा ह्यांनी दिरांना फोन करून खोली झाडून ठेवायला सांगितलं.

शेंगांचा हंगाम आला तसे कक्का मोठ गावच्या मंडीला निघाले. खालून ओरडले, "मूंगफली लेने होय तो बिन्नू खुद छाँट लेबे." मी नाही म्हणणार होते. हे म्हणाले, "फुकट गाडी मिळतेय. जाताना गावाला शेंगा तरी घेऊन जाऊ." मी गेले. रिकाम्या पोत्यांवर टेम्पोच्या मागच्या बाजूला बसले. काकी पुढे.

मोठमध्ये त्यांची मुलगी रेखा दिलेली आहे. मंडीतून तिच्या घरी गेलो. रेखानं पुऱ्या, बटाट्याची भाजी, खीर मांडली. आम्हा बायकांना आग्रह केला. कक्का अंगणात बाजेवर बसून राहिले आणि पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढून प्यायले. रेखा मला म्हणाली, "देखो दीदी, हमाए पिताजी पानी झाँसी सें लाउत. जैसें मोठ में कुआँ नईंयाँ."

कक्का तिथूनच म्हणाले, "बिटिया के घर को पानी पियें? मूँछें काए के लाने रखीं?" मिशा ठेवल्या कशासाठी, म्हणे.

"मूँछें भूखी मर जैहें एक दिन," रेखा म्हणाली.

मग तिची छोटी मुलगी धावत आली. कक्का उठले, आणि वाकून त्या एवढ्याशा नातीच्या पायांना हात लावला. ती "नाना, गुदगुदी!" करून पळाली.

माझ्या हातातली पुरी तशीच राहिली. आपल्याकडेही मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरी न जेवणारी जुनी माणसं होती, आबासुद्धा तसलेच. पण इकडे हे जन्मभर पाळतात. मुलीकडून घ्यायचं नाही, तिला वाकू द्यायचं नाही, आपणच वाकायचं. ह्या माणसानं मला बिन्नू म्हटलं होतं आणि माझ्या हातचा चहासुद्धा सोडला होता. मी त्याला सोवळं समजले.

परत येताना शेंगांच्या पोत्याला टेकून मी सगळा रस्ता रडत होते. रात्री ह्यांना सांगितलं. हे व्यवहारी माणूस. म्हणाले, "मग सोपं आहे. त्यांना सांग, बिन्नू म्हणू नका, भाभीजी म्हणा. चाखतील आणि विकतील. धंदा आहे."

खरं होतं ते. एवढं सांगितलं असतं तर चटणी दुसऱ्या दिवशी दुकानात लागली असती आणि मला तोंड उघडावं लागलं नसतं. मी खूप विचार केला. आबांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मला मुलगी म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, आणि ज्यानं म्हटलं त्याला आता मी म्हणू, मागे घ्या?

सकाळी खाली गेले. म्हटलं, "कक्का, आप मत चखो. आप मत बेचो. मुझे बाहर ओटले पे बैठने दो. मैं खुद बेचेगी."

हिंदी मोडकी होती, पण एवढी वाक्यं मी त्या दुकानात कधी बोलले नव्हते. कक्कांनी आतल्या पोराला सांगितलं नाही, स्वतःच उठून स्टूल पुसलं आणि बाहेर ठेवलं. "बैठबे के लाने भी बिन्नू पूछतीं हैं?"

पहिल्याच बाईनं विचारलं, "जे का है, लाल मंजन?" मी नुसतं पाकीट पुढे केलं. तिनं कक्कांना विचारलं. कक्का गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "हमसें न पूछो, हमने खाई नईंयाँ. बिन्नू सें पूछो, बेई बताएँगीं." त्यांनी मला असं मधोमध उभं केलं. आता सांगावंच लागणार होतं. मी सांगितलं, मूंगफली है, लहसुन है, मिर्ची है, तेल ऊपर से नहीं डाला, कूट के निकला है. तेवढ्यात पप्पू ओरडला, "अरे, जे तो वोई है, कटोरी वाली!" आणि त्यानं गरम मंगौडे माझ्यापुढे ठेवले. त्या बाईनं मंगौडा चटणीत बुडवला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मग दुसरा बुडवला.

वर्ष भरायच्या आत ह्यांनी दिरांना फोन केला, खोलीत धान्य भरा म्हणून. आता चटणी बबीन्याच्या बाजारापर्यंत जाते, दोन बायका माझ्याबरोबर कुटायला येतात. कुणी विचारतं, यश कसं मिळालं. मला ते माहीत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की ज्याला माझ्यासाठी बोलता येत होतं, तो माझ्यासाठी बोलला नाही, आणि ते त्यानं माया म्हणून केलं.

मनीषा, तू तिथे कुणाच्या ऑफिसात कुणाचं वागणं बघून पहिल्या दिवशी मन खट्टू करून घेऊ नकोस. थोडी थांब. त्यांच्या घरी ते कसे वागतात तेही बघ.

कुसुम, गावी आले की मला बरं वाटतं. पण पिशवी खाली ठेवायच्या आत सगळे विचारतात, "किती दिवस हाईस?" त्यात वाईट काही नाही. पाहुण्याला विचारतातच.

ह्या संक्रांतीला बबीन्यात हळदीकुंकवाला गेले होते. आता तिथे सगळ्या नव्या मुली, मनीषाच्या वयाच्या. एकीनं कुंकू लावता लावता विचारलं, "काकू, तुमचं माहेर कुठलं?" इतकी वर्षं मी दहिवडी म्हणत आले. त्या दिवशी तोंडून निघालं, "सीपरी बाजार. मी माहेराच्या वरच्या मजल्यावर राहते."

ती हसली, तिला वाटलं काकू थट्टा करतात. मी तिला समजावून सांगायला बसले, आणि बराच वेळ बोलत राहिले.